साखरपुड्याची साखर

साखरपुड्यासाठी वृषाली पाटावर बसली होती. तिच्या होणाऱ्या सासूबाई, प्रमिलाबाई देवरे, समोर खडीसाखरेचा पुडा उघडून बसल्या होत्या. एकेक खडा काचेसारखा लखलखत होता.

"आमच्याच कारखान्याची बरं का," त्या पाहुण्यांना सांगत होत्या. "कानाला ऐकूसुद्धा येत नाही इतक्या उंच पट्टीचा आवाज टाकीत सोडतात. तीन मिनिटांत खडे धरतात!"

टाकीत काय असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऊस दुर्मीळ झाल्यापासून देवऱ्यांची गाडी रोज सकाळी दारोदार फिरून शुगर असलेल्या माणसांच्या लघवीचे कॅन उचलायची. साखर शंभर टक्के शुद्ध, असा सरकारी शिक्का पुड्यावर होताच.

"म्हणजे यात माझाही वाटा आहे!" वृषालीचे बाबा म्हणाले, आणि सगळा हॉल खदखदून हसला. वृषालीने तोंड फिरवलं.

"घे गं, तोंड गोड कर," म्हणत प्रमिलाबाईंनी एक खडा तिच्या ओठांशी आणला.

वृषालीने तो हातात घेतला आणि त्यांच्याच तोंडापुढे धरला. "आधी तुम्ही घ्या, काकू."

प्रमिलाबाई झटकन मागे सरकल्या. त्यांनी पदर नाकाला लावला. "शी, नको गं बाई! आमच्या घरात उसाचीच खातात."

बाबांचं हसू चेहऱ्यावरच विरलं.

वृषालीने पुडा नीट मिटला आणि प्रमिलाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मग सूनही उसाच्याच घरातली बघा," ती म्हणाली, आणि पाटावरून उठली.