गादी आहे ना?

छताच्या कडीला कापड टांगून दोघी बहिणी घरीच कसरती करायच्या. वरची हात सोडण्याआधी विचारायची, "गादी आहे ना?" खालचीने बघूनच उत्तर द्यायचं, असा नियम.

त्या दिवशी थोरलीने स्वयंपाकघरातूनच, न बघता, "आहे गं, सोड" म्हणून टाकलं. गादी भिंतीला टेकवलेली होती. धाकटी गेली. बिचारीचं आयुष्यच तेवढं, असं लोक म्हणाले आणि थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही.

वर्षाने तिने कापड पुन्हा बांधलं, स्वतःच्या हाताने खाली गादी अंथरली आणि वर चढली. सवयीने तोंडून निघून गेलं, "गादी आहे ना?"

रिकाम्या स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज आला, "आहे गं ताई, सोड."

हात सुटले, आणि मगच तिने खाली पाहिलं. गादी भिंतीला टेकवलेली होती.