बर्फातला पाहुणा

नाचणगावच्या शाळेच्या पटांगणात, मे महिन्याच्या भर उन्हात, डॉक्टर श्रावण बर्फाविषयी बोलत होते. गावचा माणूस दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेहून परतला, म्हणून सत्कार होता. आपण डॉक्टर आहोत ते किड्यांचे, हे सांगूनही सकाळपासून तिघांनी त्यांच्याकडे इंजेक्शन मागितलं होतं.

"तिथल्या मातीत माइट नावाचा जीव राहतो. गोचिडाचा भाऊबंद, पण खसखशीच्या दाण्याहून लहान. उणे तीस अंशांतही गोठत नाही. शेवाळावर जगतो, सावकाश चालतो. वैरी एकच, ऊन!"

ते वैर मात्र खरं निघालं होतं. थर्मासमधला बर्फ रेल्वेतच संपला आणि ध्रुवावरचे पाहुणे पुलगाव स्टेशन येण्याआधीच वारले. म्हणून आज पहाटे डॉक्टरांनी शेजारच्या मनकर्णाबाईच्या उकिरड्यातून चमचाभर माती उचलली. माइट तिथेही असतातच. कोणी पाहिलं नसणार, आणि गावाला काय कळतंय?

सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली. रुख्माबाईनं आधी त्याला कुंकू लावलं, मग डोळा लावला. तिच्यामागून कवडू वाकला.

"अबे, हा त पयून राह्यला! सावकाश चालते म्हनत होते ना?"

तसे पहिल्या खुर्चीवरचे अण्णाजी गुरुजी उठले. श्रावणला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं, आणि बेडूक न पाहताच आकृती काढली म्हणून छडीही त्यांनीच दिली होती. चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत ते पुढे आले. डॉक्टरांना गळ्यातला हार जड झाला.

तेवढ्यात मनकर्णाबाई मध्येच घुसली. एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरांनाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाली, "पहाटंच मागतलं असतं त टोपलंभर देल्लं असतं, बापा."

डॉक्टरांची मान खाली गेली, ती वर येईना.

"सरका मांगं!" म्हातारी गावाकडे वळून गरजली. "ऊन लागून राह्यलं त्याले. इतक्या दुरून आला, मरू द्याचा काय?" आणि डोक्यावरचा पदर ओढून तिनं सूक्ष्मदर्शकावर धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच गावासमोर तिचं डोकं उघडं पडलं.

अण्णाजींनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. श्रावणकडे पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढून त्या पदराला हात जोडले.