अहवालातलं वाक्य

ज्या जपानी स्टुडिओच्या व्हिडिओ गेम्सपायी ऋजुता ती भाषा शिकली, तो स्टुडिओ ती नोकरीला असलेल्या, गेम खेळायचे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतला. साहेबांनी तिच्याकडे स्टुडिओच्या कामाचा अहवाल मागितला. तिने जीव ओतून लिहिलं, ‘एकेका गेमला हे लोक सहा वर्षं देतात, म्हणून त्यातला पाऊससुद्धा खरा वाटतो.’

“सहा वर्षांत आपला कन्सोलच जुना होतो,” साहेब म्हणाले. “स्टुडिओ बंद करू. त्यांना जपानीत पत्र तूच लिही, आणि कारण म्हणून हेच वाक्य घाल.”

तिने घातलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘निर्णय समजला. ते वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांना आमचे आभार कळवा. आमचं काम इतकं कुणीच ओळखलं नव्हतं.’

“काय म्हणतायत?” साहेबांनी विचारलं.

“समजलं म्हणतायत.”