मेजरची चूक

"मग चूक कुणाची?" श्रीरंग सरांनी विचारलं, आणि सुरूच्या झाडाआड उभे असलेले कर्नल दिनानाथ चुरी आणखी एक पाऊल मागे सरले.

अर्नाळ्याच्या वाळूत पंधरावीस मुलंमुली मांडी घालून बसली होती. कुणी मनवेलपाड्याचं, कुणी नालासोपाऱ्याचं, पण सगळ्यांना फौजेत जायचं होतं. त्यांत कर्नलची नात उन्नतीही होती. हे वेड तिने आजोबांकडूनच उचललं होतं. आगाशीच्या घरी पाहुणा आला की ती आधी आजोबांची पदकं दाखवी आणि मग पाणी विचारी.

काल जेवताना तिने आपल्या सरांचं पूर्ण नाव सांगितलं आणि आजोबांचा घास हातातच राहिला. "त्या माणसाकडे जायचं नाही," ते म्हणाले. "माझ्या पलटणीत होता. त्याच्यापायी पलटणीच्या तोंडाला काळं लागलं. फौजेतून काढला त्याला." कर्नलच्या शब्दापुढे त्या घरात वाडीतली केळसुद्धा हलत नसे. पण उन्नती त्यांचीच नात. "उद्या तुम्ही स्वतः चला," ती म्हणाली. "त्यांना तोंडावर सांगा. मग सोडते क्लास."

म्हणून ते तिच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. चार कडक वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. श्रीरंगला पाहिलं आणि ती चारही विरून गेली. केस पिकलेले, पायांत साध्या चपला, फुलपाड्याहून रोज सकाळी येणारा हा माणूस मुलांपुढे ताठ उभा होता. लाज त्याला वाटायला हवी होती. आणि झाडाआड लपले होते कर्नल.

श्रीरंग स्वतःचीच गोष्ट सांगत होता, फक्त नावं गाळून. युद्ध तोंडावर आलेलं. पलटणीला सीमेकडे निघायचा हुकूम सुटला आणि निम्मे ट्रक चालूच होईनात. बॅटऱ्या मेलेल्या, टायर गुळगुळीत. दोन वर्षं नवं सामान आलंच नव्हतं. काय कमी आहे, असं वरून कुणी विचारत नसे. विचारणा व्हायची ती 'सगळं तयार आहे ना?' अशीच. ज्याला बढती हवी तो 'हो' म्हणे, आणि ते 'हो' एकेक पायरी चढत अगदी वरपर्यंत जाई. शेवटी जे ट्रक निघाले तेही घाटात बंद पडले. डोंगरावरच्या चौकीतली पोरं उपाशी राहिली. दोघा जवानांचे पाय थंडीने गेले, कापावे लागले.

"मेजरची चूक," अर्नाळ्याचा आलोशियस म्हणाला. "गाड्यांचा जिम्मा त्याचा होता ना सर? मंग दुसऱ्या कोनाची असनार?"

"चौकशीतही तेच ठरलं," श्रीरंग म्हणाला. "मेजरला घरी जावं लागलं."

"पण सर, त्यांच्या कर्नलला माहीत नव्हतं?" उन्नतीने विचारलं.

श्रीरंगने मान वर केली. सुरूच्या खोडांमधून त्याला पांढरी मिशी दिसली आणि ती त्याने लगेच ओळखली. दिनानाथांना वाटलं, संपलं. इतकी वर्षं जपलेली अब्रू आता जाणार, आणि तीही नातीदेखत.

"ते कर्नललाच विचारायला हवं," श्रीरंग म्हणाला. मग त्याने शिट्टी फुंकली आणि मुलांना जेट्टीपर्यंत धावून यायला सांगितलं.

दिनानाथ घाईघाईने पुढे झाले. "उन्नती, चल. घरी," ते म्हणाले. श्रीरंगने पाय जुळवले. "जय हिंद, सर." दिनानाथ शरमेने पाठ फिरवून स्कूटरकडे चालू लागले.

स्कूटर आगाशीच्या रस्त्याला लागली तरी उन्नती फुरंगटलेलीच होती. वाड्यांची कुंपणं सुरू झाली तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

"तो मेजर म्हणजे सरच ना?"

"हो."

"मग तुमचं बरोबर आहे, आजोबा. मी त्यांच्या जागी असते ना, तर सरळ तोंडावर सांगितलं असतं, सर, गाड्या चालणार नाहीत. कर्नलने काय खाल्लं असतं का? आणि कर्नल तर तुम्ही होतात. तुम्ही ऐकलंच असतं." ती थोडी थांबली. "उद्यापासून नाही जात मी."

झालं, कर्नल जिंकले. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पोरीच्या त्या 'ऐकलंच असतं'ने त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

"गाडी थांबव," ते म्हणाले.

तिने स्कूटर कडेला घेतली. ते उतरले नाहीत. तिच्या पाठीकडे बघतच बोलले, कारण तोंडाकडे बघून बोलणं त्यांना जमलं नसतं.

"त्याने सांगितलं होतं. भर बैठकीत, सगळ्यांदेखत. मी त्याला भित्रा म्हणालो. पुढे चौकशीत मला विचारलं, मेजरने आधी काही कल्पना दिली होती का? मी म्हणालो, नाही. मग बैठकीतले बाकीचेही म्हणाले, नाही."

उन्नतीने मागे वळून पाहिलं नाही. तिने स्कूटर फिरवली आणि पुन्हा अर्नाळ्याच्या दिशेने लावली.

"क्लास सुटायला अजून अर्धा तास आहे," ती म्हणाली.