एकेचाळिसाव्या पुस्तकावर मत

"लिहा मास्तर," वामनराव म्हणाले, "फौजदार शितोळे मालेतलं हे एकेचाळिसावं पुस्तक आम्हा सर्व वाचकांच्या मते सर्वांत सरस उतरलं आहे."

पूनमसिंगनं लिहिलं. मुंबईहून मालेतलं नवं पुस्तक आलं, की घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी वामनरावांच्या ओसरीवर पूनमसिंग धरून सात वाचक जमत आणि तो ते मोठ्यानं वाचून दाखवी. आवाज खणखणीत होता त्याचा. लमाणांच्या तांड्यातून शिकून मास्तर झालेला तो पहिलाच. त्रेसष्टच्या जानेवारीत आलेल्या या पुस्तकात शेवटच्या पानावर प्रकाशकानं वाचकांची मतं मागवली होती. निवडक मतं नावानिशी छापणार होते.

"फौजदारानं चोर कसा वळखला, ते लिवा," मारोतराव म्हणाले. "नुसता तांडा पाह्यला अन् समजला गडी! लमाण हाये म्हनल्यावर पुरावा कायले पाह्यजे?"

"आणि ते पट्ट्यानं फोडून काढण्याचं प्रकरण," वामनराव म्हणाले. "ही जात मारल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे लेखकानं अचूक दाखवलं आहे. असंच लिहा."

पूनमसिंगचा टाक थांबला. कन्याशाळेच्या विमलताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

"तेवढं वाक्य गाळलं तर?" त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा कुठं वामनरावांच्या लक्षात आलं. ते मनमोकळं हसले. "अहो मास्तर, तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्ही काय त्यातले आहात का?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"नाही, नाही," पूनमसिंग म्हणाला. हसलासुद्धा. आणि सांगितलं होतं ते शब्दन् शब्द लिहून काढलं. खाली सात सह्या झाल्या. पहिली त्याची, कारण वाचणारा तोच. पाकीट पोस्टात टाकायचं कामही त्याच्याकडेच आलं.

पोस्टाच्या पेटीसमोरून तो दोनदा गेला. पाकीट खिशातच राहिलं.

बाजाराबाहेर त्याचा बाप धावजी गाडी जुंपून बसला होता. आधीची चाळीस पुस्तकं त्यानं याच गाडीत, लेकाच्या तोंडून ऐकली होती, आणि प्रत्येकावर त्याचं मत होतं. सतराव्यात फौजदार उगाच लग्नाच्या भानगडीत पडला. तिसाव्यातला खुनी तर धावजीनं फौजदाराच्या आधी ओळखला होता. गावची शीव ओलांडेपर्यंतही त्याला दम निघाला नाही.

"सांग लवकर. चोर कोण निघाला?"

"मुनीम," पूनमसिंग म्हणाला. "जिनिंगचा मुनीम."

मग तो रचतच गेला. तांडा गाळला. पट्टा गाळला. फौजदार पावलांचे ठसे काढत काढत मुनिमाच्या दारात जाऊन उभा राहतो, असं सांगितलं. धावजीनं मांडीवर थाप मारली.

"पाह्यलं? गरिबाच्या अंगावर कधी हात टाकत नाही हा फौजदार. आमच्या वाट्याले असा एक आला असता तं..." त्यानं बैलांना हाकारलं.

थोड्या वेळानं त्याचं लक्ष लेकाच्या खिशाकडे गेलं. "थे काय हाये?"

"पुस्तकावरचं मत. सगळ्यांनी मिळून लिवलं. मुंबईले धाडाचं हाये."

"मंग मायं बी पाह्यजे त्यात. चाळीस पुस्तकं ऐकली मी!"

पूनमसिंग नको म्हणेपर्यंत त्यानं गाडी थांबवली होती. तो खाली उतरला, चाकाच्या आसाचं वंगण अंगठ्याला चोपडलं आणि पुढं येऊन उभा राहिला.

"वाच."

"काय?"

"कागद. वाचून घेतल्याबिगर अंगठा उठवू नोका, म्हून तूच तं तांड्यात सांगत राह्यतं."

पूनमसिंगनं कागद उलगडला. मुनीम रचला तसं मतही रचता आलं असतं. पण एक लिहून दुसरंच वाचणारी आणि अंगठा घेऊन जाणारी माणसं त्यानं लहानपणी याच बापाच्या शेजारी बसून पाहिली होती. जे लिहिलं होतं तेच तो वाचू लागला. ओसरीवर लागतो तसा आवाज लागेना. 'ही जात' एवढं वाचून तो थांबला.

"पुढं," धावजी म्हणाला.

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. सातही नावं वाचली.

धावजी कागदाकडे पाहत होता. एवढ्या ओळींत ते नेमकं कुठं लिहिलंय, हे त्याला कळत नव्हतं.

"म्हंजे मुनीम नोहता."

"नाही, बा."

"तुयं नाव पह्यलं?"

"हो."

"अन् अक्षर? अक्षर कोनाचं हाये?"

पूनमसिंगची मान वर होईना. "मायंच."

धावजीनं अंगठा चाकाला पुसला. मग मातीत घासला. मग धोतराला. लेक सरकून जागा करून देत होता, पण तो गाडीत चढला नाही. बैलांचा कासरा धरून पायीच पुढं निघाला. तांड्यावरच्या चुलींचा धूर दिसू लागला. आज नवी गोष्ट येणार म्हणून माणसं लिंबाखाली जमलेलीही दिसली.

धावजी थांबला नाही. मागं वळूनही त्यानं पाहिलं नाही.

"लोकायले मुनीमच सांगजो," तो म्हणाला.