चिकटपट्टीखालचं नाव

गॅलरीच्या पाटीवर चित्रकाराच्या नावावरून तपकिरी चिकटपट्टी मारली होती. डेलमाने गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिली. ॲलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेच्या या वाळवंटात नाव झाकलं की काय समजायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. गेलेल्याचं नाव इथे कुणी उच्चारत नाही.

सोळा वर्षांपूर्वी ती या चित्रकार बापाशी भांडून गेली होती. "आजपासून तुला बाबा म्हणणार नाही!" हट्टी पोरीने पत्रांतही नुसतं नावच लिहिलं. एक पत्र तर त्याच नावाच्या पवनचक्कीवाल्याकडे गेलं आणि वस्तीभर हसं झालं. आता ती दोन दिवस गाडी हाकत आली होती, ती एकदा ‘बाबा’ म्हणायला.

आत चारी भिंतींवर त्याचीच जलरंगातली चित्रं. लाल डोंगर, पांढऱ्या खोडांची झाडं. प्रत्येकाखालच्या नावावर पट्टी.

टेबलाशी मावसबहिणीची मुलगी रोझलिन बसली होती. "अगंबाई, मावशी! सापडली म्हणायची वाट!"

"पाटी बघितली," डेलमा म्हणाली. "कधी गं?"

"दोन आठवडे झाले. झोपेतच. सगळे नदीपलीकडे दुखवट्याला बसलेत."

"काही बोलला शेवटी?"

"नातवाची आठवण काढत होता म्हणे."

डेलमा गोंधळली. आपल्याला मुलगा झाल्याचं तिने बापाला कधी कळवलंच नव्हतं. मग सांगितलं कुणी?

"चहा टाकू?" रोझलिनने विचारलं.

एवढंच? डेलमाला रागही आला आणि रडूही. तोंड लपवायला ती कोपऱ्यातल्या चित्राकडे वळली. त्यातल्या निळ्या आभाळावर तिने हलकेच बोट ठेवलं.

बोट निळं झालं.

या उन्हात जलरंग दहा मिनिटांत सुकतो. ती बोटाकडे बघत राहिली. तिला काही म्हणता काही कळेना.

"बिघडवलंस आभाळ!" मागून आवाज आला.

मागच्या दारात, ब्रश बुडवायचा पाण्याचा डबा धरून, म्हातारा उभा होता.

"पवनचक्कीवाला गेला तो माझंही नाव घेऊन गेला," तो म्हणाला. "आता मला हाक काय मारायची, सगळ्यांचीच पंचाईत झालीय. तुझीसुद्धा?"