वळणावरची माती

सभा आटोपली, लोक पांगले, तरी वहिनी नकाशासमोरून हलेना.

नकाशा तिच्या नणंदेनेच केला होता. तलाव गाळाने भरत चालला होता. कुठल्या उतारावर बांध घातले तर कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त गाळ अडेल, याचं गणित तिने सगळा उन्हाळा संगणकावर मांडलं होतं. नकाशातल्या तांबड्या उतारांवर बांध होणार होते. पांढऱ्यांवर काहीच नाही.

वहिनीने एका पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "चिऊ, इथेच आहे ना गं आपलं बाळ?"

ऑफिसात नणंदेला सगळे मॅडम म्हणत. चिऊ फक्त घरचे. गेल्या वर्षी तिथल्या टेकडीवर दादाने बाळासाठी स्वतः खड्डा खणला होता. कुणाला कुदळीला हात लावू दिला नव्हता.

"हो, वहिनी."

"या पावसात तिथली निम्मी माती वाहून गेली. एक बांध घाल ना तिथे. छोटासा. तुझ्या हातात आहे."

"तिथली माती तलावापर्यंत पोचतच नाही, वहिनी. तिथे बांध घातला तर तो..."

पुढचा शब्द तिच्या तोंडून फुटेना. वाया. मघाशी भर सभेत तोच शब्द ती चारदा सहज बोलून गेली होती.

वहिनी चिडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मग जाते कुठे?"

"मध्येच थांबते. खाली ओढ्याच्या वळणावर, पाणी मंदावतं तिथे."

"नक्की?"

"नक्की."

"मला ने तिथे."

सभेच्या जागेवरून दोघी टेकडीच्या वाटेने ओढ्याकडे उतरल्या. वळणावर पाणी ओसरलं होतं. बारीक गाळाचा थर पसरला होता, त्यावर नुकतंच गवत फुटत होतं. एरवी चिऊने आधी त्याची जाडी मोजली असती. आज तिला तिथे पाय ठेववेना.

वहिनी काठावर बसली. तिने तळवा गाळावर टेकवला आणि हळूहळू थोपटू लागली.

"मऊ आहे गं इथे," ती म्हणाली. "वर नुसता मुरूमच होता."